बिनसहीचं पान

मूतखडा ही मोठी विचित्र मालमत्ता आहे. ती स्थावर आहे की जंगम, हे खुद्द मालकालाच ठाऊक नसतं. स्थावर असेपर्यंत ती आपल्या नावावर आहे याचाही पत्ता नसतो, आणि जंगम झाली की मालक जमिनीवर लोळतो.

माझी मालमत्ता जंगम झाली ती एक तारखेला, सकाळी पावणेबारा वाजता. पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली. मी काउंटरच्या आत खुर्चीवरून घसरत घसरत टेबलाखाली गेलो. रांगेतल्या पहिल्या आजोबांना वाटलं, साहेबांचं नाणं पडलं. ते वाकून म्हणाले, "राहू द्या हो, रुपयासाठी कशाला एवढं? माझ्यातून वळता करून घ्या." बावीस वर्षांच्या नोकरीत खातेदाराने आपण होऊन पैसे सोडल्याचा हा एकमेव प्रसंग. पण त्याचा आनंद घेण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

सोनोग्राफीत निघाला चार मिलिमीटरचा खडा. चार मिलिमीटर! एवढ्या क्षुल्लक रकमेसाठी आमच्या बँकेत कुणी मान वर करत नाही, आणि इथे मी अख्खा आडवा. डॉक्टर मितभाषी होते. "पाणी भरपूर प्या. दुखलं तर ही गोळी. ताप आला तर ताबडतोब या. बहुतेक आपोआप पडेल. दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. माझं पुढचं शिक्षण घरी सुरू झालं.

आपल्याकडे माणसाने उसने पैसे मागितले तर बिल्डिंग ओस पडते. मूतखडा झाला म्हणा, जिना भरून जातो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे आल्यागेल्याची नोंद ठेवली. चार दिवसांत सतरा माणसं येऊन गेली. त्यांपैकी तेरा जणांनी एकच औषध सांगितलं: पानफुटी.

औषध एकच, पण प्रमाण? समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंचं म्हणणं, अनशापोटी दोन पानं. आमच्या शिपायाचं, चार पानं आणि चार मिरे. सौ.च्या मामांनी नाशिकहून फोनवर सात पानं, सात दिवस असा पाढा वाचला. मेव्हणा म्हणाला, पान नव्हेच, रस. अर्धी वाटी, खडीसाखर घालून. आणि शाखाधिकाऱ्यांनी केबिनमध्ये बोलावून, दार लावून घेऊन, एकवीस पानांची गुप्त योजना दिली. "पान केवढं?" असं मी विचारलं, तर प्रत्येकाचं उत्तर, "मध्यम." बँकेत चेकवर रकमेच्या जागी 'मध्यम' असं लिहून बघा, चेक परत येईल आणि मागोमाग तुम्हाला बोलावणं येईल.

तेरा जणांपैकी एकानेही विचारलं नाही की खडा केवढा आहे, कुठे अडकलाय, ताप आहे का, दुसरी कसली गोळी चालू आहे का. मात्र तेराही जणांनी शेवटी एकच वाक्य म्हटलं. जिन्यात चपला घालता घालता म्हटलं. "करून तर बघा! फायदा झाला तर झाला, अपाय तर नाही ना होणार!"

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. पानफुटीविरुद्ध नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर उद्या आमच्या सोसायटीत मला कुणी कढीपत्तासुद्धा देणार नाही.

पानफुटीशी माझं जुनं नातं आहे. शाळेत 'पानापासून नवीन रोप तयार होणारी वनस्पती' म्हणून तिचं चित्र काढून दोन मार्क मिळवले नाहीत, असा मराठी माणूस विरळा. जाडजूड, रसदार, कडेला खाचा असलेलं पान मातीवर टाकायचं. प्रत्येक खाचेतून एकेक पिल्लू फुटतं. आमच्या आजीच्या परसात ती न्हाणीच्या पाण्यावर पोसली होती. आजी तिला घायमारी म्हणायची. गळू झालं की पान तव्यावर शेकायची, तेलाचं बोट फिरवून कापडाने बांधायची. हिंदीत तिला जख्म-ए-हयात असं भारदस्त नाव आहे, म्हणजे जखमेवर तिचा मान सगळीकडे होता. जर्मन लोक तर तिला महाकवी गटेच्या नावाने ओळखतात. गटेला या पानांचं इतकं वेड होतं, की त्याची पिल्लं तो मित्रमैत्रिणींना वाटत असे. लक्षात घ्या, त्याने पान प्रेमापोटी वाटलं. अनशापोटी खा म्हणून नव्हे.

आता तिच्या कागदपत्रांकडे येऊ. बँकेत साधं बचत खातं उघडायचं म्हटलं तरी आम्ही फोटो, पत्ता, ओळखपत्र मागतो. आमच्या पोटात शिरणाऱ्या पानाची कसली केवायसी? 'पाषाणभेद' या नावाखाली किती मंडळी व्यवहार करतात बघा. आयुर्वेदाचे वैद्य ज्याला सहसा पाषाणभेद मानतात ती हिमालयाच्या बाजूची वेगळीच वनस्पती. औषधात तिचं मूळ वापरतात. आमची पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरची. ती आपल्याकडे बाहेरून आली आणि पथरचट्टा, पाषाणभेद ही नावं लावून स्थायिक झाली. तेव्हा "आपल्या ऋषिमुनींनी सांगून ठेवलंय" असं म्हणताना, कुठल्या झाडाबद्दल सांगून ठेवलंय, ते एकदा वैद्यालाच विचारलेलं बरं. शिवाय ओव्याच्या पानालाही उत्तरेत पत्थरचूर म्हणतात. त्यामुळे एका सद्गृहस्थांनी मला पाव किलो पाषाणभेद म्हणून जे आणून दिलं, त्याची सौ.ने संध्याकाळी भजी केली. उत्तम झाली होती. खडा मात्र हलला नाही.

बरं, पान खरंच पानफुटीचं मिळालं असं धरू. तरीही सकाळचं पान आणि संध्याकाळचं पान एक नसतं. हे माझं मत नाही. मद्रासकडे काम करणारे बेंजामिन हाइन नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी आपल्याच देशात हे पान दिवसभर चाखून पाहिलं आणि लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्र लिहून कळवलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी जरासं कडवट. ते पत्र १८१५ साली छापून आलं. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचं कारण शोधलं. हे झाड पाणी वाचवण्यासाठी दिवसा आपली छिद्रं मिटून घेतं. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा तो साठा खर्च करतं. म्हणजे रात्रपाळीला जमा आणि दिवसपाळीला खर्च! ज्या पानाची शिल्लक सकाळ-संध्याकाळ बदलते, त्याचं प्रमाण आमची मंडळी 'मध्यम' या शब्दावर भागवतात.

तर मी काकूंचा डोस घेतला. रोज सकाळी दोन पानं आणि वर दोन तांबे पाणी. नवव्या दिवशी खडा पडला.

काय सांगू! मी तो कागदाच्या पुडीत बांधला आणि बँकेत नेला. जेवणाच्या सुट्टीत प्रदर्शन भरवलं. गॅलरीत तीन कुंड्या वाढवल्या. सतरा सल्लागारांमध्ये अठरावा मी झालो, आणि बाटग्याची बांग मोठी म्हणतात तसा सगळ्यांत मोठ्याने सांगू लागलो. डॉक्टरांनी "बहुतेक आपोआप पडेल" असं म्हटलं होतं, हे मी सोयीस्कर विसरलो. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे पाण्याबरोबर आपल्या पायांनी चालते होतात, हे मला पुढे कळलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. मी कावळ्याचा सत्कार करत हिंडत होतो.

यापुढचं विनोदी नाही. पण तेच सांगायला बसलो आहे.

आमच्या शाखेत हेडकॅशियर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. वय चोपन्न. नोटा मोजताना ओठ हलायचे, पण हिशेब कधी हलला नाही. त्यांना खडा निघाला अकरा मिलिमीटरचा. डॉक्टरांनी काढून टाकायला सांगितलं होतं. अण्णांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात. ते ऑपरेशनला घाबरले, खर्चाला त्याहून जास्त. त्यांनी मला विचारलं. मी कोण? बी.कॉम., दुसरा वर्ग. पण ज्याचा खडा पडला तो तज्ज्ञ. मी म्हणालो, "अण्णा, माझा नऊ दिवसांत पडला. करून तर बघा! अपाय तर नाही ना होणार!"

एवढ्यावर थांबलो नाही. रोज सकाळी माझ्या डब्याच्या वरच्या पुडात धुतलेली पानं घेऊन जायचो.

दहा-बारा दिवसांत अण्णांचं दुखणं थांबलं. शाखेत पेढे वाटले. "एकदा सोनोग्राफी करून घेऊ का?" असं ते म्हणाले होते. मीच म्हणालो, "दुखत नाही ना? मग कशाला पैसे घालवता लग्नाच्या तोंडावर?"

मार्चअखेरीस, वर्षाचा हिशेब बंद करायच्या गडबडीत, अण्णा थंडीने कुडकुडायला लागले. ताप एकशे तीन. इस्पितळात नेलं. खडा जागच्या जागी होता. वर मूत्रपिंड तुंबून फुगलं होतं, आत पू झाला होता. आधी नळी घालून तो काढला, मग यथावकाश खडा काढला. अण्णा वाचले. पण त्या बाजूचं मूत्रपिंड आता जेमतेम पंधरा टक्के काम करतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी भेटायला गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझा पडला, माझा नाही पडला. नशीब रे." वहिनी काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी माझा डबा परत दिला. घासून, पुसून, झाकण लावून.

तो डबा घेऊन मी घरी आलो, आणि हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. अपाय तर नाही ना होणार. पानाने अण्णांना विष घातलं नाही, कबूल. पानाने त्यांचे साडेतीन महिने खाल्ले. डॉक्टरांनी मग मला कागदावर आकृती काढून समजावलं. खड्याने वाट अडली की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं, म्हणून कळा येतात. वाट अडलेलीच राहिली तर हळूहळू मूत्रपिंड काम कमी करतं; कामच कमी झालं की ताणही कमी होतो आणि दुखणं थांबतं. म्हणजे आम्ही ज्याचे पेढे खाल्ले ते मूत्रपिंड थकून बसल्याचं लक्षण होतं. आम्ही बँकवाल्यांना तरी हे कळायला हवं होतं. थकबाकीदाराने फोन उचलायचं बंद केलं म्हणजे कर्ज फिटलं, असं आम्ही कधी धरत नाही.

आता या वाक्याचा दुसरा गुन्हा. माझी आई सत्तरीच्या पुढची. तिला हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी डिगॉक्सिनची छोटी गोळी चालू आहे. माझा पराक्रम पाहून तिनेही पित्तासाठी पानं चावायला सुरुवात केली होती. "तुला चालतं, मग मला का नाही?" पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सहज विचारलं, आणखी काही घेता का? आईने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मी शास्त्र शिकलेलो नाही, पण त्यांनी सांगितलं ते मला जमाखर्चाच्या भाषेत नीट समजलं. पानफुटीत आणि तिच्या भावंडांत बुफाडायनोलाइड नावाच्या जातीची द्रव्यं असतात. 'बुफो' म्हणजे लॅटिनमध्ये भेक; त्या बेडकाच्या कातडीतल्या विषात हीच जात सापडते, म्हणून हे नाव. ही द्रव्यं हृदयावर डिगॉक्सिनसारखाच परिणाम करतात. म्हणजे आई गोळीने एक नोंद करत होती आणि पानाने तीच नोंद दुसऱ्यांदा. एका व्हाउचरची दोनदा नोंद झाली तर आमच्याकडे संध्याकाळी ताळा जुळत नाही. हृदयाचा ताळा जुळला नाही तर मळमळ, उलट्या, ठोके मंद किंवा वेडेवाकडे, आणि त्यापुढचं लिहीत नाही. त्यात डिगॉक्सिन शरीराबाहेर जातं ते बहुतांशी मूत्रपिंडावाटे. तेच अडलेलं असेल तर नेहमीची गोळीसुद्धा जड होते. आईला काही झालं नाही. पण त्या आठवड्यात मी तिची नाडी जितक्या वेळा मोजली, तितक्या नोटा मोजल्या नसतील.

या कुळाचा स्वभाव गुराख्यांना आपल्यापेक्षा चांगला माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेत याच घराण्यातली झुडपं चरून शेळ्यामेंढ्या आजारी पडतात. विष थोडं थोडं साठत जातं. ऑस्ट्रेलियात पानफुटीची एक चुलतबहीण रानोमाळ माजली आहे. १९९७ साली न्यू साउथ वेल्समधल्या मोरी गावाजवळ ती खाऊन १२५ गुरं मेली. आता माणूस म्हणजे गुरं नव्हे, आणि दोन पानं म्हणजे कुरण नव्हे. दोन पानांनी धडधाकट माणूस मरतो असं मी म्हणत नाही. लोकांना घाबरवणं हा माझा धंदा नाही. पण पानं दोन की एकवीस, हेच जिथे ठरलेलं नाही, आणि खाणारा धडधाकट आहे की नाही हे जिथे कुणी विचारत नाही, तिथे 'अपाय नाहीच' ही हमी कुणाच्या जामिनावर देता? शिवाय नर्सरीत पानफुटीसारख्या दिसणाऱ्या, कडेला पिल्लांची झालर असलेल्या तिच्या शोभेच्या बहिणी मिळतात. त्यांच्यातही हे विष आहे, आणि कुंडीवर ते लिहिलेलं नसतं.

हे सगळं मी सोसायटीच्या कोजागरीला बोलून दाखवलं. आटीव दुधाचा पहिला पेला संपायच्या आत माझ्यावर तीन हरकती आल्या.

पहिली, "आमची आजी हेच द्यायची." माझीही द्यायची. पण आजी औषध देऊन जिन्यातून निघून जायची नाही. ती उशाशी बसायची. रात्रीतून दोनदा अंगाला हात लावून बघायची, जीभ बघायची, लघवी झाली का विचारायची, आणि तिसऱ्या दिवशी उतार नसेल तर स्वतःच म्हणायची, "आता वैद्यांना बोलवा." आजीबाईच्या बटव्याला नाडी असते. ती ओढून बटवा कधी बंद करायचा, हे आजीला कळत होतं. आपल्या वाट्याला बटवा आला. नाडी बघणारं कुणी राहिलं नाही.

दुसरी, "डॉक्टरांच्या औषधांना काय कमी अपाय असतात?" असतात की! पण ते छापलेले असतात, आणि चिठ्ठीवर सही असते. शिकलेला वैद्यही तपासून, विचारून, सही करून देतो. माझं भांडण सहीवाल्याशी नाही. बँकेत पाचशे रुपयांच्या चुकीलाही कुणाची तरी सही सापडते आणि पगारातून वसुली होते. अण्णांच्या मूत्रपिंडाची वसुली कुणाकडून करायची? माझी सही कुठेच नाही. तेरा जण बोलले, चौदावा मी बोललो, आणि व्हाउचर कोरं.

तिसरी हरकत खरी आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. "डॉक्टर दोन मिनिटं बोलतात आणि बिल हातभर करतात." माझ्या डॉक्टरांनी मला अण्णांच्या आजारानंतर जी आकृती काढून दाखवली, ती पहिल्याच दिवशी दाखवली असती, तर मी काकूंकडे कशाला गेलो असतो? पान फुकट मिळतं, आणि पानाबरोबर माणूस येतो, बसतो, चहा पितो, "होईल हो बरं" म्हणतो. दुखणाऱ्याला त्याची फार गरज असते. तेव्हा शेजाऱ्यांनी जरूर यावं, बसावं, रिक्षा बोलवावी, सोनोग्राफीला सोबत यावं. फक्त पान आणू नये.

आणि परंपरेचा मान म्हणाल, तर तो कसा राखतात याची दोन उदाहरणं देतो. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरांकडे १७७५ साली एका घराण्यातलं गुप्त औषध अभिप्रायासाठी आलं. श्रॉपशरमधली एक म्हातारी ते सुजेवर द्यायची. त्यात वीसेक झाडपाले होते. विदरिंग "करून तर बघा" म्हणून मोकळे झाले नाहीत. त्यातला गुणकारी पाला एकच, फॉक्सग्लव्ह, हे त्यांनी ओळखलं. दहा वर्षं रोग्यांवर प्रमाण बसवलं आणि १७८५ साली पुस्तक लिहिलं. त्यात ज्यांना गुण आला त्यांच्याबरोबर ज्यांना नाही आला त्यांचीही नोंद केली. त्याच झाडाच्या घराण्यातून पुढे आईची डिगॉक्सिनची गोळी आली. म्हणजे माझ्या आईच्या उशाशी असलेलं औषध एका म्हातारीच्या बटव्यातूनच आलेलं आहे. पण वाटेत त्याची मोजदाद झाली.

इतकं लांब कशाला, मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबाच्या रोग्यांवर नीट मोजूनमापून उपयोग केला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. तेव्हा कुठे जगाने सर्पगंधेकडे वळून पाहिलं. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्याचे अपायही पुढे आले, काही रोग्यांचं मन खचतं असं आढळलं, तेही लिहिलं गेलं. झाडपाल्याचा याहून मोठा सत्कार मला माहीत नाही. पानफुटीवरही उंदरांवर वगैरे प्रयोग झालेले आहेत; तिच्यात गुण नाहीत असं मी म्हणत नाही. उंदराला झाला तो गुण अण्णांना किती पानांत होईल, हे ठरवायचा अधिकार माझ्या डब्याला नव्हता, एवढंच.

आमच्या सल्लागारांत आणि विदरिंगमध्ये फरक शिक्षणाचा नाही. आम्ही फक्त जमेची बाजू लिहितो. ज्याचा खडा पडला तो गावभर सांगत फिरतो; ज्याचा नाही पडला तो इस्पितळात असतो, त्याला जिन्यात कोण विचारणार? एक बाजूच लिहिलेली खतावणी घेऊन आम्ही "शंभर टक्के गुण" असा ताळेबंद काढतो. अशा ताळेबंदावर मी बी.कॉम.ला नापास झालो असतो.

म्हणून माझ्यापुरते चार नियम केले आहेत. खडा केवढा आणि कुठे, हे कळल्याशिवाय पानाचं नाव काढायचं नाही. दुखणं थांबलं तरी पुन्हा सोनोग्राफी करायचीच. कळांबरोबर ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर त्याच तासाला इस्पितळ गाठायचं. हृदयाची गोळी चालू असलेल्यांनी, गरोदर बाईने, लहान मुलांनी पानफुटी पोटात घ्यायची नाही. आणि कुणी घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवायची नाही. बाकी पाणी प्या. पाणी सगळ्या तेरा कृतींत होतं, आणि श्रेय त्याला कुणीच दिलं नाही.

शिवाय टेबलाच्या खणात एक वही ठेवली आहे. कुणी औषध सांगितलं, की वही पुढे करतो: नाव, औषध, प्रमाण, कशावरून, सही. आतापर्यंत तीन पानं आखून झाली. सही एकही नाही. काकू तर म्हणाल्या, "अहो, मी आपलं सहज सांगितलं!"

गॅलरीतल्या कुंड्या उपटल्या नाहीत. झाडाचा काय दोष? अण्णा आता निवृत्त झाले आहेत. परवा संध्याकाळी ते आणि वहिनी आले होते. अण्णा गॅलरीत जाऊन कुंडीपाशी उभे राहिले. एक पान खाली पडून त्याच्या कडेने पिल्लं फुटली होती. ते वाकून बघत म्हणाले, "काय चिवट आहे नाही! एक देतोस का? कुंडीत लावायला."

मी दिलं. पण आधी वहिनींकडे बघितलं.